फॉन्टहिल ॲबी : साखरेवर उभा राहिलेला मठ

गॉथिक कादंबरी शिकताना पडके वाडे, अंधारी भुयारं आणि ढगांना टेकणारे मनोरे पानोपानी भेटतात. हे सगळं लेखकाच्या डोक्यातलं, असं धरून आपण परीक्षेपुरत्या नोट्स काढतो आणि पुढे जातो. पण एक लेखक असा होऊन गेला, की त्यानं आधी कादंबरीत मनोरा बांधला, नंतर तसलाच मनोरा खऱ्या माळावर उभा केला, आणि तो कोसळल्याची बातमीही स्वतःच्या हयातीत ऐकली. लेखकाचं नाव विल्यम बेकफर्ड (१७६०–१८४४). कादंबरीचं नाव 'वाथेक'. आणि इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या त्या वाड्याचं नाव फॉन्टहिल ॲबी.

आज तिथं गेलं तर उत्तरेकडच्या टोकाचा एक लहानसा तुकडा तेवढा दिसतो. बाकीचा वाडा गेला. तो कसा उभा राहिला, कसा पडला, आणि तो पडला याची हळहळ आपण कितपत करायची, या तीन प्रश्नांभोवती हा लेख आहे.

'कंट्री हाउस' म्हणजे काय?

इंग्रजी साहित्यात हा शब्द सारखा येतो. त्याचं भाषांतर नुसतं 'गावाकडचं घर' असं केलं तर अर्थ हातातून निसटतो. कंट्री हाउस म्हणजे जमीनदाराचा वाडा, भोवतीची बाग, तळं, राखलेलं जंगल आणि कुळांनी कसलेली शेतं, हे सगळं मिळून. आपल्याकडे इनामदाराच्या वाड्यावरून जसं गावाचं राजकारण ठरायचं, तसंच तिकडे या वाड्यांमधून परगण्याचं आणि पार्लमेंटचं राजकारण ठरत असे. विसाव्या शतकात कर, महायुद्धं आणि नोकरमाणसांची टंचाई यांमुळे असे शेकडो वाडे पाडले गेले. फॉन्टहिल मात्र त्या लाटेच्या कितीतरी आधी, स्वतःच्याच वजनानं पडला.

विल्टशर हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला अगदीच परकं वाटायला नको. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स याच परगण्यातले. ते १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं पुराण रायतूरला छापलं गेलं. स्टीफन्स जन्मले त्याच्या थोडंच आधी, १५३६ ते १५४० या काळात, आठव्या हेन्री राजानं इंग्लंडमधले कॅथलिक मठ बंद करून त्यांच्या जमिनी जप्त केल्या होत्या. म्हणजे ज्या देशात खरे मठ मोडले गेले, जिथून एक कॅथलिक तरुण बाहेर पडून मराठीचा कवी झाला, त्याच परगण्यात अडीचशे वर्षांनी एका श्रीमंत माणसानं स्वतःला राहण्यासाठी एक खोटा मठ बांधला. ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढे वाचावं.

पैसा कुठून आला?

बेकफर्डच्या वडिलांचं नावही विल्यमच. त्यांचा जन्म जमैकाचा, आणि घराण्याची संपत्ती तिथल्या उसाच्या मळ्यांची. ते दोनदा लंडनचे लॉर्ड मेयर झाले. फॉन्टहिलची जमीन त्यांनीच घेतली होती. तिथलं जुनं घर १७५५ साली जळालं, तेव्हा त्यांनी त्या जागी इतकं झगमगीत घर बांधलं की लोक त्याला 'फॉन्टहिल स्प्लेन्डेन्स' म्हणू लागले.

उसाचा मळा म्हटलं की बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाला गुऱ्हाळ आठवतं. जमैकात यंत्रणा साधारण तीच होती. चरकात ऊस पिळायचा, रस एकामागून एक काहिलींत उकळत न्यायचा, साखर धरायची, मळीची रम काढायची. फरक होता तो माणसांचा. तिथं चरकावर आणि चुलाणावर राबणारी माणसं आफ्रिकेतून पकडून आणलेली किंवा गुलामीतच जन्मलेली होती, आणि जमाखर्चाच्या वहीत त्यांची नोंद बैलांसारखीच किंमत लावून व्हायची. हंगामात रात्रंदिवस काम चाले. झोपेच्या गुंगीत हात चरकात सापडायचा, म्हणून तो तोडून माणूस सोडवायला शेजारी कोयता ठेवलेला असे. आपला बेकफर्ड १७६० साली जन्मला, त्याच वर्षी जमैकात टॅकी नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला आणि तो क्रूरपणे मोडून काढला गेला.

गंमत अशी, की थोरले बेकफर्ड लंडनमध्ये 'स्वातंत्र्याचे कैवारी' म्हणून गाजले. राजाला तोंडावर सुनावल्याबद्दल गिल्डहॉलमध्ये त्यांचा पुतळा बसवला गेला. हा पुतळा हलवायचा असं २०२१ साली आधी ठरलं. मग त्याच वर्षी तो जागेवर ठेवून शेजारी गुलामगिरीची माहिती द्यावी, असा निर्णय झाला. प्रश्न अजून जिवंत आहे, तो असा.

१७७० साली वडील वारले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत वारसांपैकी एक अशी त्याची ख्याती झाली.

आधी पुस्तक, मग वाडा

'वाथेक' लिहिली तेव्हा बेकफर्डचं वय एकवीस-बावीस, म्हणजे आपल्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसेल एवढंच. ती त्यानं फ्रेंचमध्ये लिहिली. सॅम्युएल हेन्ली या त्याच्या परिचितानं तिचं इंग्रजी भाषांतर १७८६ साली परवानगी न घेताच छापलं, तेही मूळ अरबी ग्रंथाचं भाषांतर असल्याचं भासवून. नंतर बेकफर्डनं घाईनं फ्रेंच मूळ प्रसिद्ध केलं.

कथा थोडक्यात अशी. खलिफा वाथेक पाच इंद्रियांच्या सुखासाठी पाच महाल बांधतो. आकाशातलं गुपित कळावं म्हणून हजारांवर पायऱ्यांचा मनोरा चढवतो. वर उभा राहून खाली पाहिल्यावर माणसं त्याला मुंग्यांएवढी दिसतात आणि त्याचा गर्व फुगतो. पाताळातला खजिना मिळावा म्हणून तो एका राक्षसी परक्याच्या मागणीवरून पन्नास मुलं दरीत लोटतो. शेवटी तो इब्लिसच्या दालनात पोचतो. तिथं खजिना असतो, पण तिथली सगळी माणसं उजवा हात छातीवर दाबून मुकाट्यानं फिरत असतात, कारण प्रत्येकाचं काळीज आतून जळत असतं.

बेकफर्डनं हे नैतिक बोधकथा म्हणून लिहिलं की नुसतं रंजन म्हणून, यावर टीकाकार भांडत आले आहेत. पण जमैकाचा मळा डोळ्यांपुढे ठेवून वाचलं, तर पन्नास मुलांचा बळी देऊन मिळणारा महाल ही फक्त पौर्वात्य कल्पना राहत नाही. लेखकाला ते जाणवलं असो वा नसो, त्याच्या ताटातली साखर त्या गोष्टीत उतरली आहे, असं मला वाटतं.

लिस्बनला उतरलेला प्रवासी

१७८४ साली एका प्रकरणावरून बेकफर्डची उमरावांच्या वर्तुळात मोठी बदनामी झाली. दोन वर्षांनी, दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर, त्याची बायको स्वित्झर्लंडमध्ये वारली. घरच्यांनी १७८७ साली त्याला जमैकाला धाडलं. वाटेत जहाज लिस्बनला थांबलं, तिथं तो उतरला आणि पुढे गेलाच नाही. ज्या मळ्यांवर तो आयुष्यभर जगला, ते त्यानं कधीही डोळ्यांनी पाहिले नाहीत. सबंध लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

पोर्तुगालनं मात्र त्याला वेड लावलं. लिस्बनमध्ये जन्मलेल्या सांत आंतोनवर त्याची भक्ती जडली, तीच पादुआचा म्हणून जगाला ठाऊक असलेल्या संतावर. १७९४ साली तो अल्कोबासा आणि बाताल्या इथले मठ पाहून आला. या प्रवासाचं त्याचं पुस्तक फार उशिरा, १८३५ साली निघालं. त्याच्या आदल्याच वर्षी पोर्तुगालनं धार्मिक संघ बरखास्त केले होते. म्हणजे पुस्तक वाचकांच्या हाती पडलं तेव्हा त्यातले मठ रिकामे झालेले होते.

याच काळात त्यानं सिंत्रामधलं मोन्सेरात हे घर भाड्यानं घेतलं होतं. ही जागा १७१८ साली विकत घेणारे काएतानो द मेलो इ कास्त्रो हे त्याआधी गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय होते. इकडच्या कारभारातून मोठी झालेली घराणी तिकडे बागा घेत होती, आणि त्याच बागांत जमैकाच्या साखरेवर जगणारा माणूस भाडेकरू म्हणून राहत होता. समुद्र वेगवेगळे असले, तरी पैशाची वाट एकच होती.

भिंत आणि बाग

इंग्लंडला परतल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते भिंतीचं. सुमारे बारा फूट उंचीची आणि कित्येक मैल लांबीची भिंत त्यानं आपल्या रानाभोवती घातली. शेजारचे जमीनदार कोल्ह्याच्या शिकारीला घोडे घालून आत घुसायचे, ते त्याला नको होतं. आत शिकारीला बंदी होती, त्यामुळे ससे माणसाला बिचकत नसत, असं पाहुण्यांनी नोंदवून ठेवलंय.

भिंतीच्या आत जे केलं ते बागकामाच्या इतिहासात महत्त्वाचं मानलं जातं. त्या काळच्या इंग्रजी बागेत हिरवळीचे लांबरुंद पट्टे आणि मधूनमधून देवळं, पूल अशी मांडणी असे. बेकफर्डनं टेकडीवर दाट झाडी वाढवली आणि तिच्यातून मैलोगणती गवताळ वाटा काढल्या. बिथम नावाच्या तळ्याजवळ अमेरिकेतून आणलेली झाडं लावली. रोडोडेंड्रॉन, अझेलिया, मॅग्नोलिया ही झाडं जणू आपोआप उगवली आहेत असं वाटावं, अशी ती रचना होती. माणसाचा हात दिसू नये, पण प्रत्येक वळण ठरवलेलं असावं, ही त्यामागची युक्ती. झाडीतून चालता चालता एकदम मनोरा समोर यायचा.

मठवाशांशिवायचा मठ

बांधकाम १७९६ साली सुरू झालं. वास्तुकार होते जेम्स वायट, त्या काळचे नामांकित पण कामाकडे दुर्लक्ष करण्यासाठी तितकेच प्रसिद्ध. सुरुवातीचा बेत टेकडीवर मठाचा देखणा भग्नावशेष उभारण्याचा होता, दिवसा जाऊन बसण्यापुरता. मग बेत वाढत गेला. शेकडो मजूर रात्री मशालींच्या उजेडातही काम करत. मालकाला घाई होती, त्यामुळे दगडाऐवजी लाकूड आणि गिलावा यांवर बरंचसं भागवलं गेलं. पहिला मनोरा काम चालू असतानाच कोसळला. बेकफर्डनं पुन्हा बांधायला लावला.

१८०० सालच्या डिसेंबरात ॲडमिरल नेल्सन पाहुणा म्हणून आला, तेव्हा वाडा अर्धवटच होता. तरी मशालींच्या रांगांमधून पाहुण्यांना टेकडीवर नेऊन तिथं मेजवानी झाली. १८०७ च्या सुमारास बेकफर्ड कायमचा राहायला गेला आणि वडिलांचं 'स्प्लेन्डेन्स' पाडून टाकलं.

वाड्याचा आराखडा क्रूसाच्या आकाराचा होता. मधोमध अष्टकोनी दालन, त्यावर २७६ फुटांचा मनोरा. कुतुबमिनार साधारण २४० फूट आहे, त्यावरून अंदाज करावा. पश्चिमेच्या दालनाचे दरवाजे तीस फुटांहून उंच होते, आणि ते अधिकच प्रचंड वाटावेत म्हणून ते उघडायला एक बुटका नोकर उभा केलेला असे. माणसाच्या शरीराचा असा सजावटीसारखा वापरही त्या घराबद्दल काही सांगून जातो. उत्तर-दक्षिण दालनांची सलग लांबी तीनशे फुटांवर होती. एका दालनाला राजा तिसऱ्या एडवर्डचं नाव होतं, आणि तिथं बेकफर्ड ज्यांचा वंशज म्हणवून घेई त्या सरदारांची चित्रं टांगलेली होती. उत्तरेच्या टोकाला प्रार्थनाघर, आणि त्यात दिव्यांच्या उजेडात सांत आंतोनचा पुतळा.

कॅथलिक वाचकाला इथं थोडं अडखळायला होतं. सांत आंतोन हा आपल्याकडे गरिबांचा संत. तेरा जूनला त्याच्या नावानं विहिरीवर, कपेलावर किती लोक जमतात ते गोव्यात सर्वांना माहीत आहे. बेकफर्डची भक्ती खोटी होती असं म्हणायचा अधिकार मला नाही. माणसाच्या प्रार्थनेत दुसऱ्यानं डोकावू नये. पण मठ म्हणजे एकत्र जगणं, दारी आलेल्याला पानात वाढणं, स्वतःचं काही न ठेवणं. बारा फुटांच्या भिंतीआड एका माणसासाठी बांधलेल्या घराला मठाचं सगळं रूप होतं, एवढंच.

संग्रह मात्र खराच होता. राफाएलचं संत कॅथरीनचं चित्र आणि बेल्लीनीनं काढलेलं व्हेनिसच्या डोजचं व्यक्तिचित्र एके काळी बेकफर्डकडे होतं. ती दोन्ही आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. इतिहासकार गिबन याचं ग्रंथालयही त्यानं विकत घेतलं होतं.

साखर विटली, दारू धावून आली

पुढे साखरेचे भाव पडले, जमैकातले काही मळे कोर्टकचेरीत गेले आणि कर्ज वाढलं. १८२२ साली वाडा विक्रीला काढावा लागला. लिलावाच्या आधी लोकांना आत सोडण्यात आलं. इतकी वर्षं भिंतीबाहेरून पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. एका गिनीला एक, अशा यादीपुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. प्रत्यक्षात लिलाव झालाच नाही. जॉन फार्कर नावाच्या गृहस्थानं सुमारे तीन लाख पौंडांना सगळं परस्पर घेतलं.

हा फार्कर आपल्या अभ्यासाचा विषय व्हायला हरकत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात त्यानं बंगालमध्ये, कलकत्त्याजवळ पल्ट्याला, बंदुकीची दारू बनवण्याच्या धंद्यात अफाट पैसा केला, आणि चिक्कू म्हणून नाव कमावलं. म्हणजे जमैकाच्या उसावर बांधलेला वाडा हिंदुस्थानातल्या तोफांच्या दारूवर विकत घेतला गेला.

एक कथा अशी सांगतात, की मनोऱ्याच्या ठेकेदारानं मरणशय्येवर बेकफर्डला कबुली दिली : पायाच्या कमानी ठरल्याप्रमाणे बांधल्याच नव्हत्या. बेकफर्डनं फार्करला निरोप दिला. 'माझ्या हयातीपुरता टिकेल', असं म्हणून फार्करनं तो विषय सोडून दिला. २१ डिसेंबर १८२५ रोजी मनोरा कोसळला आणि मधला भाग घेऊन गेला. पुढच्याच वर्षी फार्कर वारला. मनोरा त्याच्या आधी काही महिने गेला होता.

बेकफर्ड तोवर बाथ शहरात राहायला गेला होता. तिथं त्यानं टेकडीवर आणखी एक मनोरा बांधला, सुमारे १२० फुटांचा. हा लॅन्सडाउन टॉवर आजही उभा आहे आणि त्यात बेकफर्डचं संग्रहालय आहे. १८३३ च्या कायद्यानं ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा सरकारनं दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. ती गुलामांना नाही, मालकांना. घेणाऱ्यांत बेकफर्डही होता.

हरवलेलं घर कसं वाचायचं?

फॉन्टहिलबद्दल आपल्याला इतकं माहीत आहे ते कागदामुळे. टर्नरनं काम चालू असताना त्याची जलरंगचित्रं काढली. १८२३ साली रटर आणि ब्रिटन यांनी नकाशे आणि चित्रांसह स्वतंत्र पुस्तकं छापली. प्रत्येक दालन, प्रत्येक फुलदाणी यांची नोंद आहे. अभ्यासक म्हणून अशा घराकडे पाहताना मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात.

पहिला, भिंत कोणासाठी होती? बाग किती सुंदर यासोबत तिच्याबाहेर कोण ठेवलं गेलं हेही विचारावं. दुसरा, पैसा कुठल्या वाटेनं आला? 'मॅन्सफिल्ड पार्क'मधले सर थॉमस अँटिग्वाला जातात ते एका वाक्यात वाचून सोडू नये. तिसरा, नोंद कशाची झाली आणि कशी? फॉन्टहिलच्या फुलदाणीला स्वतःचं नाव आणि वंशावळ आहे. ती आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मळ्यावरच्या माणसांची नोंदही झाली होती, पण वय, काम आणि किंमत अशा रकान्यांत. एकाच पैशाच्या या दोन याद्या शेजारी ठेवून वाचणं, हा खरा अभ्यास.

जुन्या गोव्यातल्या सांत आगुस्तीनच्या मनोऱ्याशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होतं. तो खरा मठ होता. १८३५ साली संघ हद्दपार झाले, १८४२ साली छत खचलं, १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. त्यालाही सत्तेचा इतिहास आहे, वसाहतीचा आहे, तो आपण लपवू नये. पण त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि आजही लोकांना मिस्सेला बोलावते. इमारत गेली तरी तिचं काम दुसरीकडे चालू राहू शकतं. फॉन्टहिलचा मनोरा पडल्यावर असं पुढे चालण्यासारखं काम नव्हतं, कारण तो एका माणसाच्या नजरेसाठीच होता.

मग हळहळ करायची की नाही? त्या दगडकामाची, त्या वाटांची आणि विखुरलेल्या ग्रंथांची थोडी करावी. सुंदर गोष्ट नष्ट झाली की वाईट वाटतं, आणि ते वाटू द्यावं. पण 'हरवलेलं' हा शब्द फक्त वाड्यासाठी राखून ठेवू नये. त्या वाड्याखाली जी आयुष्यं हरवली, ती मनोरा पडण्याच्या कितीतरी आधी हरवली होती, आणि तेव्हा ती पाहायला कोणी गिनी मोजून आलं नव्हतं.